क्लिक कुठेही करा, उघडते शेवटचीच सोसायटी : एक प्रकरण अभ्यास

शनिवारी संध्याकाळी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवली. सोमवारी सकाळी मेन्यूतल्या कुठल्याही सोसायटीवर क्लिक केलं तरी उघडत होती ती एकच, यादीतली शेवटची. तिचं नाव 'ह'पासून सुरू होणारं, म्हणून वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत ती तळाला. दुपारपर्यंत ऑफिसात तिचं नाव 'ह वाली' पडलं होतं.

ऑफिस दादर पश्चिमेचं, सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिणारं. गिरगाव-लालबागच्या पुनर्विकसित इमारतींपासून मुलुंडच्या टॉवरपर्यंत पन्नासच्या वर सोसायट्या त्यांच्याकडे आहेत. दर महिन्याची मेंटेनन्सची बिलं, पावत्यांच्या नोंदी, थकबाकीची पत्रं, ३१ मार्चला वर्ष बंद, मग ऑडिट आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, असं त्यांचं वर्ष चालतं. ऑफिस चालवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले. नोंदींना तीन मॅडम आणि नुकतीच लागलेली एक मुलगी.

त्या सोमवारी या नव्या मुलीने परळच्या एका सोसायटीचं पावतीपुस्तक पुढ्यात घेतलं, मेन्यूतून परळची सोसायटी निवडली आणि स्थळप्रतींवरून नोंदी सुरू केल्या. १०४, २०१, ३०२ अशा तीन फ्लॅटच्या नोंदी बिनबोभाट झाल्या. चौथी पावती ११०४ ची होती. प्रोग्रॅम म्हणाला, असा सभासद नाही. तेव्हा कुठे तिने खिडकीच्या वरच्या पट्टीकडे पाहिलं, तर तिथे 'ह वाली'चं नाव. ती इमारत चार मजली. तिथे ११०४ असणार कुठून? १०४, २०१ आणि ३०२ मात्र मुंबईतल्या बहुतेक सगळ्या सोसायट्यांत असतात. त्यामुळे पहिल्या तीन पावत्या भलत्याच्याच खात्यावर जमा झाल्या आणि प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही.

त्या गडबडीत जुनी आवृत्ती परत चढवली गेली आणि तीन नोंदी तशाच राहून गेल्या. पुढे परळच्या खजिनदारांनी पासबुक जुळवायला घेतलं, तेव्हा बँकेत आलेले पैसे खतावणीत सापडेनात. मग काकांनी मला बोलावलं. म्हणाले, "अरे, हा मुलगा म्हणतो त्याच्या लॅपटॉपवर सगळं बरोबर चालतं. आमच्याच मशीनला ह वालीचं वेड लागलंय का?"

मुलगा, म्हणजे मूळ प्रोग्रॅमर, खोटं बोलत नव्हता. आणि ऑफिसातलं मशीनही खरं बोलत होतं. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यामुळेच.

आधी थोडा इतिहास. पहिला प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ मधला, म्हणजे १९९८ साली आलेल्या आवृत्तीतला. त्या भाषेच्या कंट्रोल्सना युनिकोड देवनागरी दाखवता येत नसे, म्हणून सोसायट्यांची नावं इंग्रजीत होती. मेन्यू बांधायला 'कंट्रोल ॲरे' वापरलेला. एक मेन्यू आयटम आधीच काढून ठेवायचा, त्याला शून्य क्रमांक द्यायचा, आणि प्रोग्रॅम चालू झाला की 'लोड' म्हणून त्याच्या हव्या तेवढ्या आवृत्त्या काढायच्या. क्लिकची प्रोसिजर सगळ्यांना मिळून एकच, आणि कुठल्या आयटमवर क्लिक झालं त्याचा क्रमांक तिला आयता हाती मिळायचा. आज हे कितीही जुनाट वाटलं तरी एक गोष्ट त्यात पक्की होती: क्लिक कोणाचं, हे प्रोसिजरला तो आयटमच सांगायचा.

पुढे तो प्रोग्रॅम सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये आला. देवनागरी आली, मेन्यूस्ट्रिप आली. पण घाईत सोसायट्यांची नावं डिझायनरमध्ये हातानेच टाकली गेली. नवीन सोसायटी आली की प्रोग्रॅमरला फोन करायचा, आणि तो तोवर पुण्याला नोकरीला लागलेला. शेवटी काकांनी सांगितलं, यादी डेटाबेसातून घे आणि मेन्यू आपोआप भरू दे. मागणी अगदी रास्त होती.

त्याने लिहिलेला कोड वाचायला सोपा होता. सोसायट्यांच्या यादीवर फॉरइच लूप, म्हणजे एकेक सोसायटी घेत जाणारी फेरी; प्रत्येक सोसायटीसाठी नवा टूलस्ट्रिपमेन्यूआयटम, म्हणजे मेन्यूतली एक ओळ; त्याच्या क्लिक इव्हेंटला += करून जोडलेला एक लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, जो लूपमधली 'सोसायटी' घेऊन खातं उघडायच्या फंक्शनला देतो; आणि शेवटी तो आयटम वरच्या मेन्यूच्या ड्रॉपडाउनआयटम्समध्ये घालायचा. कोणीही असंच लिहील. त्याच्या लॅपटॉपवर ते बिनचूक चालत होतं.

बसवणी मात्र त्याने केली नाही. ऑफिसातल्या एका मशीनवर अजून विंडोज एक्सपी होती, म्हणून अख्खा प्रकल्प डॉट नेट ४.० वरच थांबवलेला, ४.५ एक्सपीवर चढत नाही. त्याने बदललेल्या फायली मेलने पाठवल्या. काकांच्या भाच्याने त्या ऑफिसातल्याच प्रोजेक्टात टाकल्या आणि तिथे असलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१० मध्ये बिल्ड केलं. कोड अक्षरन् अक्षर तोच होता, फक्त कंपायलर, म्हणजे कोडाचा चालता प्रोग्रॅम बनवणारं साधन, वेगळा होता.

मी त्याच मशीनवर बसून लूपमध्ये ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवायची खूण, लावला. पहिल्या फेरीला पहिली सोसायटी, दुसरीला दुसरी, सगळं यथास्थित. मग ब्रेकपॉइंट उचलून लॅम्डाच्या आतल्या ओळीवर ठेवला, मेन्यूतून गिरगावची एक सोसायटी निवडली आणि 'सोसायटी' या व्हेरिएबलवर माउस नेला. ह वाली. दुसरी निवडली, पुन्हा ह वाली.

लॅम्डा व्हेरिएबलची किंमत उचलून ठेवत नाही, व्हेरिएबलच धरून ठेवतो. पडद्याआड कंपायलर एक छोटा क्लास तयार करतो आणि आपलं व्हेरिएबल त्याचं फील्ड होतं. लॅम्डा चालतो तेव्हा, म्हणजे क्लिक होतं तेव्हा, त्या फील्डात जे असेल ते त्याला दिसतं. सी शार्प ४ पर्यंत, म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ २०१० मध्येही, फॉरइचचं व्हेरिएबल अख्ख्या लूपसाठी एकच असायचं. पन्नास आयटम, पन्नास लॅम्डा, पण सगळ्यांची नजर एकाच डब्यावर. आणि लूप संपला तेव्हा त्या डब्यात शेवटची सोसायटी होती. २०१२ साली सी शार्प ५ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने नियम बदलला आणि प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळू लागलं. जुना कोड बिघडण्याचा धोका पत्करून केलेला हा बदल होता; इतके लोक या खड्ड्यात पडत होते. आणि हा नियम कंपायलरचा, डॉट नेटच्या आवृत्तीचा नव्हे. म्हणून ४.० वर चालणारा कोड नव्या कंपायलरने बांधला की बरोबर, जुन्याने बांधला की ह वाली.

बदल फक्त फॉरइचमध्ये झाला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. साधा फॉर लूप आजही तसाच आहे. तिथे लॅम्डात 'यादीतला आय क्रमांकाचा' असं लिहिलं तर लूप संपल्यावर आय यादीच्या पुढे एक घर गेलेला असतो, आणि क्लिक केल्यावर इंडेक्स मर्यादेबाहेर गेल्याचा एरर येतो. माझ्या मते तो एरर बरा. तो निदान आरडाओरडा करतो; ह वाली गुपचूप पैसे जमा करून घेते.

ही खोड एकट्या सी शार्पची नाही. पायथनच्या टीकिंटर या खिडक्या-मेन्यूंच्या लायब्ररीत लूपमधून मेन्यूला कमांड देताना हेच होतं, आणि लोक डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये किंमत अडकवून वाट काढतात. गो भाषेने हाच बदल २०२४ साली, १.२२ आवृत्तीत केला. जावा मात्र अशा बदलत्या व्हेरिएबलला लॅम्डात घेऊच देत नाही, सरळ कंपाइल करायला नकार देते. कटकटी आहे, पण शहाणी आहे.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. लूपच्या आत एक नवं व्हेरिएबल काढून त्यात किंमत घ्यायची आणि लॅम्डाला ते द्यायचं. एका ओळीचं काम, आणि कुठल्याही कंपायलरवर चालतं. दुसरा मार्ग म्हणजे लॅम्डा काढून टाकायचा. आयटमच्या टॅग प्रॉपर्टीत सोसायटीचा आयडी ठेवायचा, सगळ्या आयटमना मिळून एकच, नाव असलेला हँडलर (क्लिक झालं की चालणारं फंक्शन) जोडायचा आणि हँडलरमध्ये 'सेंडर'ला, म्हणजे क्लिक झालेल्या आयटमला, टूलस्ट्रिपमेन्यूआयटममध्ये कास्ट करून त्याचा टॅग वाचायचा. मी दुसरा घेतला. नव्या कंपायलरवर पहिला मुळीच चुकीचा नाही, पण या ऑफिसात पुढचं बिल्ड कोण, कशावर करेल याची खात्री नव्हती. शिवाय आयटमवर माउस नेला की डीबगरमध्ये टॅग दिसतो, आणि नावाचा हँडलर -= करून काढता येतो. लॅम्डा काढायला तोच डेलिगेट (फंक्शनचा हवाला) जपून ठेवावा लागतो; तसाच दिसणारा दुसरा लॅम्डा लिहून -= केलं तर काहीही निघत नाही आणि कोणी तसं सांगतही नाही.

टॅगमध्ये काय ठेवायचं, यावर प्रोग्रॅमरशी फोनवर थोडी घासाघीस झाली. त्याचं म्हणणं, यादीतला क्रमांक ठेवू, जुन्या व्हीबीसारखा. मी नको म्हटलं. एक सोसायटी काम काढून घेऊन गेली किंवा एखादीचं नाव बदललं की क्रमांक सरकतात, आणि मेन्यू जुना पण यादी नवी असा क्षण कधीतरी येतोच. तेव्हा पुन्हा शेजारच्या सोसायटीचं खातं उघडणार. नावही नको, कारण एकाच नावाच्या दोन सोसायट्या मुंबईत सर्रास सापडतात. त्यांच्याकडेही होत्या, एक लालबागला आणि एक मुलुंडला. डेटाबेसातला आयडी कधी बदलत नाही, तोच टॅगमध्ये.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण कोड उघडलाच होता, तर मॅडमनी दुसरं गाऱ्हाणं पुढे केलं: बिलं जास्त छापली जातात. सकाळी पहिल्यांदा 'बिलं छापा' म्हटलं की एकच प्रत येते. दुपारी दोन-तीन. संध्याकाळी प्रिंटर थांबायचं नावच घेत नाही. हे बदलाच्या पहिल्या चाचणीपासून चाललं होतं, आणि प्रिंटरवाला येऊन रिबन बदलून, पैसे घेऊनही गेला होता.

सकाळी एक आणि संध्याकाळी अनेक, हे ऐकलं की शोधायची जागा ठरलेली. प्रोग्रॅमरने मेन्यू भरण्याचा कोड ड्रॉपडाउनओपनिंग या इव्हेंटवर टाकला होता, म्हणजे मेन्यू उघडायच्या आधी दर वेळी यादी ताजी होईल. कल्पना चांगली आहे. क्यूटी या दुसऱ्या साधनसंचात याच कामाला 'अबाउटटूशो' सिग्नल आहे. त्याने आधी सोसायट्यांचे जुने आयटम काढण्याची काळजीही घेतली होती. पण 'बिलं छापा' हा आयटम डिझायनरमधला, कायमचा, आणि त्याचा हँडलर जोडणारी += ची ओळ त्याच भरण्याच्या कोडात शेवटी राहिली होती. मेन्यू जितक्या वेळा उघडला तितके हँडलर त्या एका आयटमवर चढत गेले. इव्हेंटला तोच हँडलर पुन्हा जोडला तर डॉट नेट हरकत घेत नाही. जितके जोडाल तितक्या वेळा बोलावतो. प्रोग्रॅम बंद करून चालू केला की मोजणी पुन्हा एकवर, म्हणून सकाळ नेहमी निर्मळ.

ती ओळ उचलून फॉर्म तयार होतो त्या जागी टाकली आणि प्रिंटर सुधारला.

ओपनिंगवर भरण्याचा आणखी एक तोटा मॅडमनीच दाखवला. त्या रोज हाताळायच्या सोसायट्यांना कंट्रोल आणि आकडा असे शॉर्टकट दिलेले होते. नव्या आवृत्तीत सकाळी ते चालत नसत. एकदा माउसने मेन्यू उघडला की चालू लागत. यात गूढ काही नाही. शॉर्टकट आयटमवर असतो, आणि मेन्यू उघडेपर्यंत आयटमच जन्माला आलेला नसतो. तीच गोष्ट रिकाम्या मेन्यूची: आत एकही आयटम नसेल तर विंडोज फॉर्म्स त्याला उपमेन्यूचा बाणही दाखवत नाही, म्हणून लोक आत एक खोटा आयटम ठेवून देतात. तसा इथेही होता, आणि डेटाबेस न सापडल्यास मेन्यूत नुसता 'थांबा' हा शब्द दिसत राहायचा.

मग भरण्याची वेळच बदलली. प्रोग्रॅम सुरू होताना मेन्यू एकदा भरायचा. ओपनिंगवर फक्त एवढंच विचारायचं की सोसायट्यांच्या तक्त्यात शेवटचा बदल कधी झाला. आपल्याकडच्या वेळेपेक्षा तो नवा असेल तरच पुन्हा भरायचं. तीन मशीन एकाच डेटाबेसवर, त्यामुळे एवढी चौकशी आवश्यक होती. पुन्हा भरताना क्लिअर म्हटलं की आयटम यादीतून जातात, पण डिस्पोज होत नाहीत, म्हणजे त्यांनी अडवलेली साधनं मोकळी होत नाहीत. ते आपण करायचं. आणि तेही यादीवर लूप चालवत असताना नाही, कारण डिस्पोज झालेला आयटम स्वतःच मालकाच्या यादीतून बाहेर पडतो आणि चालू लूप कोलमडतो. आधी ॲरेत नकल, मग क्लिअर, मग एकेकाला डिस्पोज. 'नवीन सोसायटी' हा आयटम त्याच मेन्यूत होता. त्याच्या क्लिकमधून पुन्हा भरताना त्याचाच निकाल लागू नये म्हणून सोसायट्या वेगळ्या उपमेन्यूंत हलवल्या.

त्या उपमेन्यूंची गंमत वेगळीच. पन्नासच्या वर आयटम एका रांगेत लावले की जुन्या मॉनिटरवर मेन्यू खालून कापला जातो आणि वर-खाली बाण येतात. माझ्या मते वीस-पंचवीसच्या पुढे मेन्यू हे साधनच चुकीचं, तिथे शोधायची चौकट हवी. पण मॅडमना मेन्यूच हवा होता, आणि रोज वापरणार त्या. मग वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर अशा तीन शाखा केल्या. सोसायटी कुठल्या लाइनवर हे ऑफिसात प्रत्येकाला तोंडपाठ. दादरच्या सोसायट्या कुठे टाकायच्या यावर मात्र चहा संपेपर्यंत वाद झाला. पश्चिमेच्या वेस्टर्नमध्ये, पूर्वेच्या सेंट्रलमध्ये, असा काकांनी निकाल दिला. प्रोग्रॅमरने मधल्या काळात वरच्या मेन्यूचा ड्रॉपडाउनआयटमक्लिक्ड हा एकच इव्हेंट पकडून काम भागवायचं सुचवलं होतं. तो फक्त थेट मुलांसाठी, म्हणजे त्याच मेन्यूतल्या आयटमसाठी, येतो. नातवंडांच्या क्लिकची बातमी आजोबांपर्यंत पोचत नाही. टॅग आणि क्लिक प्रत्येक टोकाच्या आयटमला असल्याने शाखा पडल्या तरी आमचा हँडलर तसाच राहिला.

नावं भरताना दोन बारीक गोष्टी निघाल्या. एका सोसायटीच्या नावात 'ए & बी विंग' होतं आणि मेन्यूत & दिसेना. मेन्यूच्या मजकुरात & म्हणजे ऑल्टबरोबर दाबायच्या अक्षराची खूण; खरा & हवा तर दोनदा लिहावा लागतो, म्हणून डेटाबेसातून आलेल्या प्रत्येक नावात तो आधी दुप्पट करून घेतला. दुसरं, कोणीतरी चाचणीसाठी नुसती '-' या नावाची सोसायटी टाकून ठेवली होती. आयटम घालणाऱ्या ॲड या फंक्शनला मजकूर म्हणून फक्त '-' दिलं की विंडोज फॉर्म्स मेन्यू आयटमऐवजी विभाजक रेघ बनवतो, आणि प्रत्येक गोष्ट मेन्यू आयटम आहे असं धरून चालणारा लूप तिथे कास्टच्या एररने पडतो. आयटम आपण स्वतः तयार करून घातला तर हे होत नाही. ती सोसायटी अर्थात पुसलीही.

राहता राहिल्या त्या तीन पावत्या. काकांनी त्या पुसू दिल्या नाहीत. नोंद पुसायची नाही, उलटी नोंद करायची, हा त्यांचा बँकेतला शिरस्ता. 'ह वाली'त तीन उलट नोंदी, परळमध्ये तीन नव्या, आणि दोन्हीकडे ऑडिटरसाठी एकेक ओळीचा खुलासा. नोंदीच्या खिडकीत मी दोन बदल केले. सोसायटीचं नाव वरच्या पट्टीतून काढून रकमेच्या चौकटीशेजारी मोठ्या अक्षरांत आणलं, कारण रक्कम टाकताना नजर तिथेच असते. आणि फ्लॅट नंबर टाकला की सभासदाचं नाव लगेच पुढे येतं; ते स्थळप्रतीवरच्या नावाशी ताडून पाहिल्यावरच नोंद पक्की करायची. नव्या मुलीला दुसरा बदल आवडला. जुन्या मॅडम म्हणतात, त्याने प्रत्येक पावतीमागे वेळ जातो, आणि तो बंद करायची सोय द्या म्हणून त्या अजून काकांच्या मागे आहेत.